शेतीचा हिशेब आणि भूमिहीन माणूस

१

शेतीच्या प्रश्नावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. त्या लिखाणात ‘शेतीचा प्रश्न’ आणि ‘शेतकऱ्याचा प्रश्न’ हे दोन शब्दप्रयोग एकाच अर्थाने वापरण्याची रीत पडली आहे. अर्थशास्त्रज्ञ तसे करतात, पुढारी तसे करतात आणि ग्रामीण साहित्याचे समीक्षकही तसेच करतात. सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे तो शेतकरी, आणि शेतकऱ्याचे दुःख म्हणजेच गावाचे दुःख, असे हे समीकरण आहे. ते इतके अंगवळणी पडले आहे की त्यातून कोण वगळला गेला, हा प्रश्न विचारणारालाच फुटीर ठरविले जाते.

म्हणून आरंभीच जनगणनेचे आकडे समोर ठेवलेले बरे. २००१ साली देशात जमीन कसणारे शेतकरी १२.७३ कोटी होते आणि शेतमजूर १०.६८ कोटी. २०११ साली शेतकरी ११.८८ कोटींवर आले आणि शेतमजूर १४.४३ कोटींवर गेले. म्हणजे या दहा वर्षांत शेतीत राबणाऱ्यांमध्ये मजुरांची संख्या शेतकऱ्यांच्या पुढे गेली. शेतीवर जगणारा बहुसंख्य माणूस आज मालक राहिलेला नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सरासरी धारणा १.०८ हेक्टर होती आणि सुमारे ८६ टक्के खातेदार अल्प व अत्यल्पभूधारक होते. त्याच गणनेत अनुसूचित जातींकडे एकूण खात्यांपैकी सुमारे १२ टक्के खाती आणि एकूण क्षेत्रापैकी सुमारे ९ टक्के क्षेत्र दिसते. लोकसंख्येत त्यांचे प्रमाण १६.६ टक्के आहे. जमीन थोडी, आणि जी आहे तीही लहान तुकड्यांची, असा या आकड्यांचा सरळ अर्थ आहे.

प्रस्तुत लेखाचा हेतू लहान शेतकऱ्याचे दुःख नाकारण्याचा नाही. ते दुःख खरे आहे, आणि त्याच्या आत्महत्यांनी विदर्भ-मराठवाड्यातील गावेच्या गावे काळवंडली आहेत. प्रश्न हिशेबाचा आहे. शेतीचा जो हिशेब शास्त्राने, शासनाने आणि साहित्याने मांडला, त्यात भूमिहीन माणसाची जागा कोणती? आणि ज्याला आपण आपले साहित्य म्हणतो, त्याने तरी हा हिशेब मांडला काय?

२

प्रथम शासनाचा हिशेब पाहू. १९६५ साली कृषिमूल्य आयोग स्थापन झाला. तो पुढे १९८५ पासून कृषी खर्च व मूल्य आयोग या नावाने ओळखला जाऊ लागला. हा आयोग पिकाचा उत्पादनखर्च तीन प्रकारांनी मोजतो. शेतकऱ्याने बियाणे, खत, औषध, बैल-यंत्र आणि लावलेले मजूर यांवर प्रत्यक्ष केलेला खर्च हा पहिला प्रकार; त्याला ए-दोन म्हणतात. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल मिळविले की दुसरा प्रकार होतो. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याज हेही धरले की तिसरा, म्हणजे सी-दोन. २००६ पर्यंत काम केलेल्या राष्ट्रीय शेतकरी आयोगाने, म्हणजे स्वामिनाथन आयोगाने, उत्पादनखर्चावर किमान पन्नास टक्के अधिक भाव देण्याची शिफारस केली. २०१८ साली केंद्र सरकारने दीडपट भाव देण्याचे जाहीर केले. पण तो दुसऱ्या प्रकारच्या खर्चाच्या दीडपट. शेतकरी संघटना तिसऱ्या प्रकाराच्या दीडपटीची मागणी करीत आल्या. आपल्या वर्तमानपत्रांतून जो वाद चालतो तो एवढाच आहे.

आता या हिशेबाकडे मजुराच्या बाजूने पाहू. यात जमिनीला खंड आहे, भांडवलाला व्याज आहे, घरच्या श्रमाला मोल आहे. मालकाच्या प्रत्येक वस्तूची किंमत, ती बाजारात विकली गेली नसतानाही, कल्पून धरलेली आहे. मजुराच्या श्रमाचे मात्र जेवढे हातावर पडले तेवढेच मोजले जाते. त्याच्या श्रमाचे योग्य मोल किती असावे, हा प्रश्न या हिशेबात उपस्थित होत नाही. तो ‘खर्च’ या सदरात येतो, आणि खर्च कमी व्हावा हीच कोणत्याही हिशेबाची ओढ असते. शिवाय दीडपटीचे गणित पाहा. खर्चात मजुरीचे शंभर रुपये असतील तर भावात त्यांचे दीडशे होतात. वरचे पन्नास कोणाचे? ते ज्याच्या खात्यावर पीक विकले गेले त्याचे. ज्या बाईने वाकून खुरपले आणि कापूस वेचला, तिच्यापर्यंत ते पोचावेत अशी एकही वाट या सूत्रात ठेवलेली नाही.

प्रत्यक्षात हमीभाव सगळ्या शेतकऱ्यांनाही मिळत नाही, हे खरेच आहे. पण आपण येथे तत्त्व तपासीत आहोत. मागणीच ज्या रीतीने मांडली गेली, तिच्यात मजूर नाही.

येथे शरद जोशी यांची मांडणी आठवणे प्राप्त आहे. चाकणच्या कांदा आंदोलनापासून त्यांनी शेतमालाच्या भावाचा प्रश्न केंद्रस्थानी आणला आणि इंडिया विरुद्ध भारत अशी विभागणी केली. शहरी भांडवलासाठी शेतमालाचे भाव पाडले जातात, हे त्यांनी ज्या ताकदीने सांगितले ते पूर्वी कोणी सांगितले नव्हते. मजुराविषयीही त्यांचे उत्तर होते: भाव मिळाला की मजुरी वाढेल, भावच नसेल तर शेतकरी मजुरी देणार कोठून? या युक्तिवादाचा उत्तरार्ध खरा आहे. पूर्वार्ध मात्र गृहीत धरलेला आहे. भाव वाढल्याने मजुरी देण्याची ऐपत येते. देण्याची सक्ती येत नाही. ऐपत आणि सक्ती यांच्यामध्ये गावाची सगळी सत्तारचना उभी असते, आणि तिचे नाव जात आहे. ‘भारत’ ही एकसंध वस्तू आहे असे मानले की ही रचना दिसेनाशी होते.

याचा ताजा दाखला पंजाबात मिळाला. २०२० साली टाळेबंदीमुळे परप्रांतीय मजूर आले नाहीत आणि भातलावणीची मजुरी वाढू लागली. तेव्हा तेथील काही गावांनी मजुरीवर कमाल मर्यादा घालणारे ठराव केले. त्याच वर्षी त्याच प्रांतातून शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन उभे राहिले आणि २०२१ साली केंद्राला तिन्ही कायदे मागे घ्यावे लागले. ते आंदोलन न्याय्य होते, आणि भूमिहीनांच्या संघटनाही त्याला पाठिंबा देण्यास गेल्या होत्या. परंतु आपल्या मालाला किमान भाव मागणारा समाज मजुराच्या श्रमाला कमाल भाव ठरवितो, ही विसंगती विसरून चालणार नाही.

३

या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी आपल्याला बाबासाहेबांच्या १९१८ सालच्या निबंधात मिळते. ‘भारतातील लहान धारणा आणि त्यांवरील उपाय’ या विषयावरचा हा निबंध ‘जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी’ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी जमिनीचे तुकडे हाच शेतीच्या दैन्याचा मूळ रोग आहे, असे सरकारी समित्या आणि प्राध्यापक मंडळी सांगत होती. तुकडे एकत्र करा, वारसा एका मुलापुरता ठेवा, म्हणजे शेती सुधारेल, असा त्यांचा उपाय होता. कीटिंग यांनी तर ज्या जमिनीवर कुटुंब बऱ्यापैकी सुखाने जगू शकेल ती किफायतशीर धारणा, अशी व्याख्या केली होती.

बाबासाहेबांनी या व्याख्येच्या मुळावरच घाव घातला. शेत हे उत्पादनाचे साधन आहे. ते किती माणसांना पोसते यावरून त्याचा किफायतशीरपणा ठरविणे म्हणजे उत्पादनाचा प्रश्न उपभोगाच्या मापाने मोजणे होय. धारणा लहान की मोठी हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. तिच्यावर किती भांडवल, किती अवजारे आणि किती श्रम लागतात, या प्रमाणावरून ते ठरते. हाती बैल, अवजारे आणि पाणी नसेल तर लहान तुकडाही झेपण्यापलीकडे मोठा असतो. मग जमिनीवर एवढा भार का? कारण दुसरीकडे काम नाही. निरुद्योगी श्रम जमिनीवर साचून राहतात आणि जमिनीलाच खाऊन टाकतात. म्हणून उपाय उद्योगीकरणाचा. शेतीबाहेर काम निर्माण करा, म्हणजे शेतीवरचा भार उतरेल.

या निबंधाचे वाचन आपल्याकडे दोन प्रकारे अपुरे झाले आहे. अर्थशास्त्राच्या वर्गात त्यातील उद्योगीकरणाचा उपाय तेवढा सांगितला जातो आणि बाबासाहेब शहरवादी होते असा निष्कर्ष काढला जातो. चळवळीच्या व्यासपीठावर जमिनीची मागणी होते, पण जमिनीबरोबर भांडवल नसेल तर काय होते हा निबंधाचा गाभा सुटतो. वास्तविक हे एका विचाराचे दोन भाग आहेत. १९१८ च्या निबंधाची मांडणी शुद्ध अर्थशास्त्रीय आहे. जातीचा विचार त्या मांडणीचा भाग नाही. निरुद्योगी श्रम कोणाचे, आणि ते बाहेर पडू लागले तर त्यांना कोण अडवते, हे तेथे आलेले नाही. ते पुढच्या कार्यातून आले. १९२८ साली महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक त्यांनी आणले. वतन म्हणजे तुटपुंज्या जमिनीच्या तुकड्याला बांधलेली वेठ आहे, ही त्यामागची जाणीव होती. १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक आले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कायदेमंडळावर गेला. त्या लढ्यात कुणबी आणि महार एकत्र होते, हे आज आवर्जून सांगितले पाहिजे. आणि १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ मध्ये शेती हा राज्याचा उद्योग करावा, जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक रीतीने कसण्यास द्यावी, पाणी, जनावरे, अवजारे, खत, बियाणे राज्याने पुरवावे, आणि जमीनदार, कूळ व भूमिहीन मजूर हे तीनही प्रकार उरू नयेत, अशी योजना त्यांनी दिली. जमीन आणि भांडवल एकत्र दिल्याशिवाय भूमिहीनाची मुक्ती नाही, हे १९१८ चे सूत्रच येथे समाजक्रांतीच्या पातळीवर आले आहे.

४

आता साहित्याकडे वळू. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. खेड्याच्या अर्थव्यवहाराचे इतके बारकाईने केलेले वर्णन मराठीत दुसरे क्वचितच असेल. पण हे वर्णन कोठे उभे राहून केलेले आहे? कुणब्याच्या खळ्यावर. कुणब्याच्या राशीतून कारू-नारू, फिरस्ते, मागते किती वाटे घेऊन जातात, याची ती चिंता आहे. बलुते म्हणजे कुणब्याच्या उत्पन्नाची गळती, अशा बाजूने हिशेब मांडला की बलुतेदाराने वर्षभर काय केले याचा रकाना रिकामा राहतो. सांगावे पोचविणे, मेलेली जनावरे ओढणे, गावकीची राखण, सरकारी कामाची वेठ, या कामांना तास नव्हते आणि दर नव्हता. वर्षभर काम करून घ्यायचे आणि मोबदला सुगीत, देणाऱ्याच्या मर्जीने द्यायचा, ही मजुरी थकविण्याचीच एक पद्धत होती.

स्वातंत्र्योत्तर ग्रामीण कादंबरीने ही दृष्टी काही अंशी बदलली. आनंद यादव यांची ‘गोतावळा’ (१९७१) या दृष्टीने महत्त्वाची आहे. कारण तिचा नायक नारबा मालक नाही, तो दुसऱ्याच्या मळ्यात राबणारा गडी आहे. मराठी समीक्षेने या कादंबरीतील माणूस आणि जनावरे यांच्या जिव्हाळ्याचे, बोलीचे आणि निसर्गाच्या चित्रणाचे कौतुक केले. ते योग्यच आहे. पण १९१८ च्या निबंधाच्या प्रकाशात तीच कादंबरी वाचली तर दुसरे काही दिसते. नारबाचा सगळा गोतावळा म्हणजे मालकाचे भांडवल आहे. बैल, म्हशी, रान, यांपैकी त्याचे काहीच नाही. मालक ट्रॅक्टर आणतो, म्हणजे भांडवल एका रूपातून दुसऱ्या रूपात नेतो. जनावरे जातात आणि त्यांच्याबरोबर नारबाचे प्रयोजनही संपते. शेतीत भांडवल वाढले की श्रम मोकळे होतात, हे अर्थशास्त्र सांगते. मोकळा झालेला माणूस जातो कोठे, हे नारबा विचारतो. यंत्रयुगाने खेड्यातील निरागसता मोडली, एवढाच अर्थ समीक्षेने काढला. ज्याला जमीन नाही, त्याला शेतीची प्रगती हीच बेकारी म्हणून भेटते, हा अर्थ तिने काढला नाही.

सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (२००२) ही नंतरच्या काळातील समर्थ कादंबरी. शिकून नोकरी न मिळालेला एकनाथ, कर्ज, बाजार आणि घरातील कोंडी यांचे तिचे चित्रण अस्सल आहे. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला तो यथायोग्यच होता. तरी तिची दृष्टी जमीनधारक घराच्या ओसरीवरून जाते. त्या घराचे कोसळणे आपल्याला आतून कळते. त्याच पडलेल्या भावाने, त्याच नापिकीने मजुराच्या चुलीचे काय झाले, हे तितके आतून कळत नाही. हा लेखकाचा अप्रामाणिकपणा नाही. जो तो आपल्या जीवनानुभवातूनच लिहितो. परंतु ग्रामीण साहित्य म्हणजे अवघ्या गावाचे साहित्य, असा दावा समीक्षक करतात, तेव्हा या मर्यादेची नोंद व्हायला हवी.

५

मग हे काम दलित साहित्याने केले काय? सामग्रीच्या पातळीवर केले. समीक्षेच्या पातळीवर केले नाही. दया पवार यांच्या आत्मकथनाचे ‘बलुतं’ (१९७८) हे नावच अर्थव्यवहारातील शब्द आहे. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) मधील पोरके पोर भाकरीच्या बदल्यात किती कामे उपसते, हे त्या पानांवर नोंदलेले आहे. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ मध्ये बायकांची उपासमार आणि कष्ट आहेत. पण आपल्या समीक्षेने ही पुस्तके वाचताना अपमान, अस्पृश्यता, विद्रोह आणि अस्मिता यांवरच बोट ठेवले. कामाचा मोबदला किती, तो केव्हा आणि कोणत्या रूपात मिळाला, कर्ज कोणाचे होते, घरातील बाईच्या मजुरीवर किती दिवस निघाले, हे प्रश्न त्या पुस्तकांना विचारलेच गेले नाहीत. आपली आत्मकथने ही खेड्याच्या अर्थशास्त्राची पहिल्या प्रतीची साधने आहेत. ती तशी वाचणे हे येथून पुढचे काम आहे.

१९५६ च्या धर्मांतराकडेही या दृष्टीने पाहता येते. धर्मांतराबरोबर असंख्य गावांत आपल्या माणसांनी मेलेली जनावरे ओढणे सोडले, येसकरकी सोडली, बलुते सोडले. आपण याला स्वाभिमानाची कृती म्हणतो, आणि ती होतीच. पण ती एक आर्थिक कृतीही होती. हातात दुसरे काही नसताना वर्षाचे धान्य सोडून देणे, आणि बदल्यात गावाचा बहिष्कार सोसणे, हा संप होता. त्याला संप हे नाव कोणत्याही कामगार इतिहासाने दिले नाही.

त्या संपानंतरची मागणी जमिनीची असणे क्रमप्राप्त होते. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ चा आणि १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. माणसांनी तुरुंग भरले. कूळकायद्याने पश्चिम महाराष्ट्रात १ एप्रिल १९५७ पासून कुळाला मालक केले होते. पण जो कूळही नव्हता, केवळ मजूर होता, त्याच्या पदरात त्या कायद्याने काही टाकले नव्हते. म्हणून पडीक आणि गायरान जमिनीची मागणी पुढे आली. मराठवाड्यात हजारो कुटुंबांनी गायराने फोडून ती लागवडीखाली आणली. त्यांची नोंद कोठे होते? सातबाऱ्यावर नाही, अतिक्रमणाच्या नोंदवहीत, गाव नमुना एक-ई मध्ये. शासनाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय १९९१ साली घेतला, तरी पुष्कळांच्या हाती आजही मालकीचा कागद नाही. त्याचा परिणाम असा की तो माणूस ज्वारी पिकवितो आणि तरीही शेतकरी ठरत नाही. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही. पीककर्ज नाही म्हणून कर्जमाफी नाही. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाच्या कर्जमुक्ती योजनेतही, ज्याला बँकेने कर्जच दिले नव्हते त्याला मुक्ती मिळणार कशी? त्याच वर्षी केंद्राने वर्षाला सहा हजार रुपये देणारी योजना आणली, तीही जमीनधारक कुटुंबांसाठी. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहिणाऱ्या फुल्यांच्या विचारात शूद्र आणि अतिशूद्र एकत्र होते. त्यांच्या नावाच्या योजनेपर्यंत येताना अतिशूद्र गळून पडला.

कर्मवीरांच्या नावाने २००४ पासून सबलीकरण योजना आहे. भूमिहीन अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तिची कल्पना चांगली आहे. पण सरकारी दरात जमीन विकायला कोणी तयार होत नाही, आणि मिळालीच तर ती बहुधा पाणी नसलेली, वस्तीपासून दूरची असते. विहीर, बैल आणि पहिल्या हंगामाचे भांडवल नसेल तर ते चार एकर म्हणजे १९१८ च्या निबंधातील झेपण्यापलीकडचीच धारणा होय.

६

मजुरी खरोखर कशाने वाढते, याचे एक उत्तर महाराष्ट्रानेच दिले आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राज्यभर आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. हमीच्या कामावर मजुरी मिळते म्हटल्यावर बांधावरचा मजूर पहिल्यांदा ‘एवढ्यात येत नाही’ असे म्हणू शकला. योजनेमुळे शेतीला माणूस मिळत नाही, ही तक्रार बागायतदारांनी वारंवार केली. ती तक्रारच योजनेच्या यशाची पावती आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात शेतीकामाचा समावेश होता, पण कायदा कागदावर राहिला. दुसरे काम समोर असणे हेच मजुराचे खरे किमान वेतन ठरले. शेतीबाहेर काम निर्माण झाल्याशिवाय शेतीतला माणूस सुटत नाही, हा बाबासाहेबांचा सिद्धांत येथे प्रत्यक्षात उतरला.

याच्या उलट चित्र उसाच्या फडात आहे. उसाचा दर कायद्याने ठरतो, चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे, आणि त्यासाठी दरवर्षी आंदोलने होतात. त्या बिलात तोडणी-वाहतूक ही कपातीची एक ओळ असते. बीडपासून कोल्हापूरपर्यंत पालावर राहणारे नवरा-बायकोचे ‘कोयते’ त्या एका ओळीत मावलेले आहेत. मुकादमाची उचल, रात्री-अपरात्री गाडी भरणे, शाळा सुटलेली पोरे, आणि २०१९ साली बीड जिल्ह्यातून पुढे आलेला ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचा भीषण प्रश्न, यांपैकी काही त्या ओळीत वाचता येत नाही. विकासाचा जो नमुना म्हणून सहकारी साखर कारखानदारी दाखविली जाते, तिचा हिशेब या ओळीशिवाय जुळत नाही.

७

मग आपण भाववाढीला विरोध करावा काय? मुळीच नाही. ८६ टक्के खातेदार जर अल्पभूधारक असतील, तर त्यांतील पुष्कळजण हंगामात दुसऱ्याच्या शेतावर मजुरीही करतात. शिवाय आयोगाच्या हिशेबात घरच्या श्रमाचे मोल मजुरीच्या दरानेच धरले जाते. गावातील मजुरी दाबून ठेवली की लहान शेतकऱ्याच्या बायकोच्या खुरपणीचे मोलही कागदावर दबते, आणि मग भावही दबतो. मजुराला कमी देऊन आपली शेती वाचेल, हा समज लहान शेतकऱ्याचे स्वतःचेच नुकसान करतो. खोतीविरोधी लढ्यातील एकजूट याच समान हितावर उभी होती. ती पुन्हा उभी करायची असेल तर अट एकच: हिशेब उघडा मांडला पाहिजे. भावाच्या मागणीतच मजुराचा वाटा किती, हे आकड्याने लिहिले पाहिजे. गायरान कसणाऱ्याला, बटाईने करणाऱ्याला आणि ज्या बाईच्या नावावर काहीच नाही तिला शेतकरी म्हणून नोंदविले पाहिजे. जमिनीच्या मागणीबरोबर पाणी, पत आणि अवजारे यांची मागणी जोडली पाहिजे.

आणि आपल्या विद्यार्थ्यांनी, कार्यकर्त्यांनी एक काम तातडीने हाती घ्यावे. आपापल्या गावात एका हंगामाचा हिशेब लिहून काढावा. कोणत्या कामाला बाईला किती, पुरुषाला किती; सालगड्याचे साल किती आणि उचल किती; गायरानावर कोण कसतो आणि नाव कोणाचे; मजुरी रोख मिळाली की कर्जात वळती झाली. कवितेइतकेच हे लेखनही चळवळीचे आहे. आपल्या आई-बापांनी हा हिशेब तोंडपाठ ठेवला, कारण त्यांना लिहिता येत नव्हते. आपल्याला लिहिता येते; तेव्हा तो आता कागदावर आला पाहिजे.